चार शेळ्या चार : दोन आवाज केव्हा दोन आणि केव्हा एकच?

गुरुजी, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही देगलूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहात. वर्गात मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही घरांतली लेकरं आहेत. मराठी घरातली बरीच लेकरं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, लिहितातही तसंच, आणि कितीदा सांगितलं तरी ण-न चा फरक त्यांच्या कानाला लागत नाही. उलट ‘चाक’ आणि ‘चिखल’ यांतले दोन निराळे च पुस्तकात एकाच अक्षरानं छापलेले असूनही कुणी न शिकवता बिनचूक म्हणतात. इंग्रजीच्या तासाला व्ही आणि डब्ल्यूची गत ण-न सारखीच. तुम्ही विचारलंय की दोन आवाज ‘वेगळे’ आहेत की ‘एकच’, हे ठरवतं कोण? कान, अक्षर की व्याकरणाचं पुस्तक? आणि दर भाषेत हा निकाल निराळा लागतो का?

हो, दर भाषेत निराळा लागतो, आणि एका भाषेच्या दोन बोलींतही निराळा लागू शकतो. मी लातूरला पदव्युत्तर वर्गांना भाषाविज्ञान शिकवतो आणि मराठवाड्यातल्या बोलींची ध्वनिमुद्रणं करत फिरतो. या कामात एक गोष्ट पक्की झाली: आवाज कानाला किती निराळा वाटतो यावरून काहीच ठरत नाही. त्या फरकावर त्या भाषेत शब्दाचा अर्थ बदलतो का, एवढंच पाहायचं. अक्षरांचाही यात भरवसा धरता येत नाही, हे तुमच्याच च च्या उदाहरणातून दिसतं.

तिथूनच सुरू करू. ‘चार शेळ्या चार’ हे वाक्य मोठ्यानं म्हणा. पहिल्या ‘चार’ला जिभेचा मधला भाग टाळूला लागतो. दुसऱ्या ‘चार’ला, म्हणजे चारायला ने या अर्थाच्या, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी जातं आणि त् + स असा काहीसा आवाज निघतो. पहिला तालव्य च, दुसरा दंत्य च. आता अदलाबदल करून पाहा. संख्येच्या ‘चार’ला दंत्य च लावलात तर ऐकणारा गोंधळेल किंवा दुरुस्त करील. बाकी सगळं तेच ठेवून एक आवाज बदलला आणि अर्थ बदलला, म्हणजे मराठीत हे दोन आवाज दोन आहेत. ‘जग’ हा शब्दही तसाच: दुनिया म्हणायची तर तालव्य, आणि ‘जग बाबा सुखानं’ म्हणायचं तर दंत्य. ‘जरा’ म्हणजे थोडं याला दंत्य ज, ‘जरा’ म्हणजे म्हातारपण याला तालव्य. अशा जोड्यांना न्यूनतम युग्म म्हणतात आणि ज्यांच्यामुळं अर्थ पालटतो त्या आवाजांना स्वनिम. मराठी लिपीनं या दोन स्वनिमांना एकाच अक्षरात बसवलंय. त्यानं काही अडत नाही, कारण मराठी माणूस शब्द ओळखून उच्चार करतो. बाहेरून मराठी शिकायला आलेल्याची मात्र इथं फार तारांबळ होते.

पण याच च ची दुसरी बाजूही आहे. ‘माझा’ म्हणा, मग ‘माझी’, मग ‘माझ्या’. पहिल्यात झ दंत्य, पुढच्या दोन्हींत तालव्य. ‘वाघाचा, वाघाची, वाघाच्या’ हेही तसंच. ‘दरवाजा’ दंत्य, ‘दरवाजे’ तालव्य. ‘चमचा’ म्हणताना शेवटचा च दंत्य, आणि ‘चमचे’ म्हणताच तो टाळूकडं सरकतो. इथं अर्थ बदललेला नाही, शब्द तोच आहे. पुढं इ, ए किंवा य आला म्हणून जीभ टाळूकडं गेली. देशी मराठी शब्दांत या स्वरांच्या आधी दंत्य च येतच नाही. म्हणून चाक, चूल, चोर, चांगला हे दंत्य आणि चिंच, चिखल, चेव हे तालव्य. एक आवाज जिथं येतो तिथं दुसरा येत नाही, आणि कुठं कोणता येणार हे आधीच सांगता येतं. असं पूरक वितरण असलं की भाषा त्या दोघांना एकाच आवाजाची दोन रूपं मानते. ही रूपं म्हणजे स्वनांतरं. सरकारनं वेगवेगळ्या वर्षी काढलेली दहाची नाणी हातात घेतली तर छाप निरनिराळे दिसतात, हिशेबात मात्र प्रत्येकाचे दहाच धरतात. स्वनांतरांचं तसंच असतं.

म्हणजे च-ज-झ चे हे दोन आवाज मराठीत काही ठिकाणी स्वनांतरांसारखे वागतात आणि काही ठिकाणी स्वनिमांसारखे. विद्यार्थी इथं हटकून अडतात आणि विचारतात, मग खरं काय? खरं दोन्ही आहे, आणि त्याचं कारण इतिहासात आहे. आधी नियम साधा होता: इ, ए, य च्या आधी तालव्य, बाकीकडं दंत्य. मग दोन गोष्टी घडल्या. संस्कृतातून आलेले चंद्र, चरण, जग, जन हे शब्द अ च्या आधीसुद्धा आपला तालव्य उच्चार घेऊनच आले. आणि काही देशी शब्दांतला य हळूहळू गिळला गेला. संख्येचं ‘चार’ जुन्या मराठीत ‘च्यारि’ असं होतं. त्यातल्या य नं च ला तालव्य केलं, पुढं य गेला, पण तालव्यपणा राहिला. य होता तोवर उच्चार त्या य मुळं आहे असं म्हणता येत होतं. तो गेल्यावर ‘चार’ आणि ‘चार’ यांत फरक करणारं च शिवाय दुसरं काही उरलं नाही. कालचं स्वनांतर आज स्वनिम झालं ते असं. पुष्कळ भाषांत नवे स्वनिम याच दोन वाटांनी येतात: उसने शब्द आले की किंवा शेजारचा आवाज झिजला की.

जपानीत हीच गोष्ट त च्या बाबतीत पाहायला मिळते. जपानीत देशी त च्या पुढं इ आला की तो चि होतो आणि उ आला की त्सु. त्सुनामीतला त्सु हा त्यांच्या दृष्टीनं त चंच एक रूप आहे. वाट पाहणे या क्रियापदाचं मूळ ‘मत्’. ‘वाट पाहत नाही’ला ते मतनाइ म्हणतात, आदरानं ‘वाट पाहतो’ला मचिमासु, मूळ रूप मत्सु आणि हुकूम द्यायचा तर मते. एकाच मुळात त, च, त्स असे तीन आवाज येतात आणि जपानी माणसाला तिथं एकच त जाणवतो, आपल्याला माझा-माझी-माझ्यात एकच झ जाणवतो तसाच. इंग्रजीतला ‘टीम’ हा शब्द त्यांनी घेतला तेव्हा त्याचा ‘चीमु’ झाला, कारण त च्या पुढं इ म्हणण्याची सवय जिभेला नव्हती. नंतर आलेल्या ‘पार्टी’ची ‘पाची’ झाली नाही, ‘पाती’ झाली. उसन्या शब्दांनी तिथंही ति ला जागा करून दिली.

तुमच्या वर्गातल्या तेलुगू लेकरांना मराठी दंत्य च फारसा जड जात नसेल, कारण तेलुगूतही देशी शब्दांत परंपरेनं हाच नियम चालतो: आ, उ, ओ यांच्या आधी दंत्य आणि इ, ए यांच्या आधी तालव्य. तेलुगू लिपीत दंत्य च-ज साठी खूण केलेली वेगळी अक्षरं आहेत, रोजच्या लिखाणात ती दिसत नाहीत एवढंच. उर्दू घरातल्या लेकरांचं मात्र वेगळं असतं. उर्दूत दंत्य च नाही, त्यामुळं ती ‘चाक’ तालव्य च नं म्हणतात. पण उर्दूत ज आणि ज़ हे दोन स्वनिम आहेत: ‘जंग’ म्हणजे युद्ध, ‘ज़ंग’ म्हणजे गंज. निजामाच्या राज्यात कचेरी आणि शाळा उर्दूत चालल्या, त्याच्याही आधीपासून फारसीचा राबता होता, आणि ज़ असलेले ढीगभर शब्द मराठीत आले: जमीन, हजार, बाजार, दरवाजा. मराठीनं त्या ज़ ला आपल्या दंत्य ज च्या घरात घेतलं. आज ‘बाजार’ कुणी ज़ नं म्हणतो, कुणी द् + ज़ असा जोडून म्हणतो. दोघांचा अर्थ एकच, जागाही एकच, आणि ऐकणाऱ्याचं लक्षही जात नाही. हा तिसरा प्रकार झाला, मुक्त पर्यायाचा. ‘फळ’ जुन्या पद्धतीनं ओठ मिटून म्हणा किंवा आजची पोरं म्हणतात तसं दात ओठाला लावून म्हणा, मराठीत फळ ते फळच.

आता आपल्याच लिपीतलं एक सुंदर उदाहरण पाहा. पंखा, पंजा, पंढरपूर, पंत, पंप. पाचही शब्दांत आपण एकच टिंब देतो, पण जीभ पाच जागी जाते: क वर्गाच्या आधी घशाजवळ, च वर्गाच्या आधी टाळूला, ढ च्या आधी वर वळून, त च्या आधी दातांना, आणि प च्या आधी तर ओठ मिटतात. पुढचं व्यंजन कळलं की अनुनासिक कोणतं ते आपोआप ठरतं, म्हणून एका खुणेवर भागतं. अनुस्वाराचं टिंब पूरक वितरण ओळखूनच दिलेलं आहे असं मी वर्गात सांगतो. इंग्रजीत मात्र घशाजवळचं हे अनुनासिक स्वतंत्र स्वनिम आहे. पाप या अर्थाचं ‘सिन’ आणि गाणं या अर्थाचं ‘सिंग’ यांत इंग्रज माणूस फक्त शेवटचं अनुनासिक बदलतो, तिथं ग म्हणत नाही. आपल्याला तो आवाज एकटा शब्दाच्या शेवटी म्हणायची सवय नाही, म्हणून आपण मागं ग चिकटवतो.

तमिळमध्ये क आणि ग साठी एकच अक्षर आहे, प आणि ब साठी एकच. मराठी माणसाला हे अपुरं वाटतं. पण देशी तमिळ शब्दांत घोष, म्हणजे क चा ग आणि प चा ब, कुठं होणार हे ठरलेलं असतं: शब्दाच्या सुरुवातीला प, अनुनासिकाच्या मागं आला की ब. दात म्हणजे ‘पल्’ आणि धाकटा भाऊ म्हणजे ‘तम्बि’, दोन्हींत अक्षर तेच. कोरियनमध्ये र आणि ल यांचं असंच आहे. पाणी म्हणजे ‘मुल’, त्याला कर्त्याचा प्रत्यय लागून पुढं इ आला की ‘मुरी’. तिथं ल शेवटी आणि र दोन स्वरांच्या मध्ये. आपण ‘काल’ आणि ‘कार’ यांत गोंधळत नाही, कोरियन माणसाला इंग्रजी शिकताना नेमकं हेच अवघड जातं. इंग्रजाची अडचण आणखी निराळी. टाचणीच्या अर्थाचा ‘पिन’ म्हणताना त्याच्या प मधून हवेचा झोत निघतो, ‘स्पिन’ म्हणताना निघत नाही. कागदाची पट्टी ओठांसमोर धरून पाहा, एकदा हलते आणि एकदा हलत नाही. त्याला स्वतःला हा फरक जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत तो जागेवरून ठरतो. मराठीत याच झोतावर काल आणि खाल, कार आणि खार वेगळे होतात.

ही बधिरता जन्मजात नसते. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात तान्ह्या मुलांवर केलेला प्रयोग आमच्या विषयात सगळ्यांना पाठ असतो. इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ती क्षमता जवळजवळ गेलेली होती. घरच्या भाषेत ज्या फरकाचा उपयोग नाही तो फरक मूल वर्षाच्या आत बाजूला टाकायला शिकतं. हे शिकणंच आहे, म्हणून तुमच्या वर्गातल्या लेकराला ‘ऐकू येत नाही का?’ म्हणणं अन्यायाचं होतं. त्याच्या कानानं त्याच्या घरच्या बोलीचं काम चोख केलेलं असतं.

आता ण आणि न. प्रमाण मराठीत ते दोन स्वनिम आहेत यात शंका नाही: सण आणि सन, मण आणि मन, वण आणि वन, तण आणि तन. पण मराठवाड्यातल्या कित्येक घरांत, विदर्भातही, या दोघांच्या जागी एकच न आहे. पानी, लोनी, बहीन, कोन. त्या बोलीत या जोड्या जोड्याच राहत नाहीत. तुम्ही विचाराल, मग माणसं गोंधळत कशी नाहीत? ‘रानात तन लई झालंय’ म्हटलं तर खुरपं घ्यायचं हे कुणालाही कळतं, कारण शरीराच्या अर्थाचा ‘तन’ शब्द शेतात कुणी वापरत नाही. ‘दोन मन ज्वारी’ म्हटल्यावर मन या शब्दाकडं कुणाचं ध्यान जात नाही. ण-न वर अर्थाचा भार मुळातच थोडा आहे, म्हणून हा फरक गेला तरी बोलीचं काही बिघडलं नाही. ल आणि ळ वर भार किती आहे ते बघा: काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ, नाल-नाळ, मूल-मूळ. हे सगळे रोजच्या वापरातले शब्द. तरीही वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ झालाच, म्हणजे भार जास्त असला की फरक टिकतोच असा काही नियम नाही.

मी तपासतो कसं ते सांगतो, कारण तुम्हालाही वर्गात ते करता येईल. जोडीतले दोन्ही शब्द माणसाला लिहून दाखवायचे नाहीत. अक्षर पुढं आलं की माणूस शाळेतला उच्चार आठवून म्हणतो. चित्र दाखवायचं किंवा प्रश्न असा विचारायचा की तो शब्द आपसूक तोंडात यावा. ते उच्चार नोंदवायचे, क्रम उलटापालटा करायचा आणि त्याच गावातल्या दुसऱ्या माणसाला ऐकवून विचारायचं की कोणता शब्द ऐकला. बोलणं आणि ऐकणं दोन्ही तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. निलंग्याकडच्या एका घरात मी आजी आणि सहावीतला नातू अशा दोघांना असं बसवलं होतं. आजींच्या तोंडी सण आणि सन एकसारखे आले, आणि ऐकवल्यावरही त्या ‘दोनी एकच की’ म्हणाल्या. नातवानं ऐकून बिनचूक वेगळे केले, पण आजीशी बोलताना तोही ‘सन’च म्हणत होता. एका घरात दोन व्यवस्था, आणि नातवाच्या डोक्यात दोन्ही. म्हणून ‘मराठवाड्यात ण नाही’ असं एका वाक्यात मी कधी म्हणत नाही. गाव, वय, शाळा, आणि समोर कोण आहे, या सगळ्यांवर ते अवलंबून असतं.

एक सावधगिरी सांगतो. जोडी सापडली नाही म्हणजे दोन आवाज एकच झाले, असं लगेच धरू नका. इंग्रजीत ह हा शब्दाच्या किंवा त्यातल्या एखाद्या उच्चारी तुकड्याच्या आरंभी येतो आणि ते घशाजवळचं अनुनासिक फक्त शेवटी. दोघांची जागा कधी एक होत नाही, म्हणजे वितरण अगदी पूरक. तरी त्यांना कुणी एका स्वनिमाची रूपं म्हणत नाही, कारण उच्चारात दोघांचं काहीच साम्य नाही. वितरणाच्या जोडीला उच्चाराचं नातंही लागतं. दुसरं असं की जोडी कोणत्या थरातल्या, म्हणजे देशी की उसन्या, शब्दांची आहे तेही बघा. हिंदीत ड आणि ड़ देशी शब्दांत जागेप्रमाणं ठरतात, पण ‘सोडा’, ‘रेडियो’ असे शब्द आल्यावर स्वरांच्या मध्येही ड ऐकू यायला लागला. मग हिंदीत ते एक की दोन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मला ते स्वाभाविक वाटतं. भाषा बदलत असताना मध्येच मोजमाप केलं की असंच होणार. हैदराबादी दखनीत, म्हणजे तिकडच्या उर्दूच्या बोलीत, उलट झालंय. प्रमाण उर्दूतले क़ आणि ख़ तिथं एक झाले, म्हणून शपथेचा ‘क़सम’ आणि नवरा या अर्थाचा ‘ख़सम’ एकसारखे ऐकू येतात.

वर्गात काय करायचं, ते आता. ण-न हा फरक त्या लेकरांना नव्या भाषेतला आवाज शिकवावा तसा शिकवा. आधी फक्त ऐकणं. सण-सन, वण-वन अशा जोड्या म्हणायच्या आणि लेकरांनी डावा-उजवा हात वर करायचा. त्या काळात लिहायला सांगू नका. कान तयार झाला की जीभ: ण ला टोक वर वळवून आत न्यायचं. लिखाण शेवटी. हा क्रम उलटा केला की लेकरं जिथं तिथं ण लिहायला लागतात, ‘मन’ला ‘मण’ आणि ‘वन’ला ‘वण’. लिखाणासाठी काही भरवशाच्या खुणा आहेत, त्या सांगितल्या की ओझं पुष्कळ हलकं होतं. मराठी शब्दाच्या सुरुवातीला ण येत नाही, तिथं डोळे झाकून न लिहायचा. ट, ठ, ड, ढ च्या आधी टिंब द्यायचं. करणं, खाणं, धावणं यांतला प्रत्यय नेहमी ण चा, तसाच करणारा-येणारा मधला. वाघीण, माळीण, पाटलीण यांतही ण. या खुणांना कानाची गरजच लागत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वह्यांत त्याच्याच चुका सगळ्यांत जास्त असणार. त्याचं कारणही हेच आहे. देशी मराठी शब्दांत इ-ई आणि उ-ऊ चा फरक जागेवरून ठरतो: मूल-मुलाला, फूल-फुलं, वीट-विटा, मीठ-मिठाचा. शेवटच्या अक्षरात दीर्घ, शब्द वाढला की तोच ऱ्हस्व. दिन आणि दीन अशा जोड्या संस्कृतातून आल्या, पण बोलताना बहुतेक मराठी माणसं दोन्ही एकसारखेच म्हणतात. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी ‘कवि’, ‘गुरु’ यांना मराठीत ‘कवी’, ‘गुरू’ लिहायला सांगितलं, ते मराठी तोंडाला धरूनच होतं. म्हणून ‘नीट ऐकून लिही’ असं ऱ्हस्व-दीर्घाबाबत सांगून उपयोग होत नाही, ऐकण्यासारखा फरकच तिथं नसतो. ‘शब्द वाढवून बघ’ हे सांगा. तुमच्या तेलुगू लेकरांना मात्र लांबी पक्की ऐकू येते. तेलुगूत ‘नेल’मधला ए आखूड म्हटला तर महिना आणि लांबवला तर जमीन. मराठी कानाला दोन्ही सारखेच लागतात. ए च्या लांबीचा हा खेळ त्यांना वर्गात करून दाखवू द्या. मराठी लेकरांना स्वतःला न ऐकू येणारा फरक शेजारी बसलेल्याला स्वच्छ ऐकू येतो हे कळलं की ण-न शिकताना लाज वाटत नाही, हे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात पुनःपुन्हा पाहिलंय.

व्ही-डब्ल्यूसाठी आपल्या लिपीत सोय आहेच. मराठीत व एकच, त्याचा आवाज कधी दाताजवळ तर कधी ओठ गोल करून निघतो आणि त्यानं अर्थ बदलत नाही. पण ‘वा’ आणि ‘व्हा’ हे आपल्याकडं वेगळे आहेत, म्हणून मराठी माणसानं इंग्रजी व्ही ला व्ह दिला आणि डब्ल्यूला व: व्हॅन, व्होल्टेज, टीव्ही एकीकडं आणि वायर, वॉर्ड, वॉटर दुसरीकडं. हिंदीवाले ‘वैन’ लिहितात. लेकरांना आधी हे लिहिलेले शब्द वेगळे करू द्या. मग व्ह असेल तिथं वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची आणि व असेल तिथं दात न लावता ओठ गोल करायचे, एवढंच सांगा. आरशासमोर करून घेतलं तर दात टेकतात की नाही ते लेकरालाच दिसतं, तुम्हाला कानावर विसंबावं लागत नाही.

तुमच्या गावातल्या ण-न च्या नोंदी केल्यात तर बोलणाऱ्याचं वय आणि घरची भाषा तेवढी सोबत लिहून ठेवा. सीमेवरच्या गावांत तेलुगू घरातलं लेकरू मराठी ण सहज म्हणतं आणि शेजारचं मराठी लेकरू म्हणत नाही, असं मला देगलूर-बिलोलीकडं ऐकायला मिळालंय. तेलुगूत ण जागेवर आहे, म्हणून ते होत असावं. तुमच्या वर्गात तसं दिसतं का, ते मला खरंच जाणून घ्यायचंय.